पहिला तीर मी पाहिला होता

जान्या,

भात उभं होतं तेव्हा तू गेलास. आता ते कापून झालं, झोडून झालं, कणग्यात पडलं. पेंढा माळ्यावर गेला. सगळी कामं आपापल्या वेळेला झाली आणि त्याचाच मला कधी कधी राग येतो. मग वाटतं, कामं झाली नसती तर सगळ्यांआधी तूच ओरडला असतास.

तुला वाचता येत नव्हतं आणि तरी मी हे लिहायला बसलेय. आश्रमशाळेत मी सातवीपर्यंत शिकले, म्हणून पाड्यावर कुणाचंही पत्र आलं की ते वाचून घ्यायला माणसं आपल्याच दारात यायची. तू ओसरीला बांबू तासत बसलेला असायचास आणि दुसऱ्याच्या घरचं पत्र कान देऊन ऐकायचास. वर मध्येच विचारायचास, "मंग म्हैस इकली का नाय?" तसंच समज. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचते, तू ऐक.

आपला एक वाद मिटायचा राहिला. तो सोडून दुसरं काही लिहावं असं मी पुष्कळ ठरवलं. पण तू आठवलास की तो वाद आठवतो, आणि वाद आठवला की तू असा समोर येऊन बसतोस, मांडी घालून, हरायला अजिबात तयार नसलेला.

तो सुरू झाला माझ्या बापाच्या पाड्यावर, मनोरच्या पलीकडे. दिवाळी झाली की तिथं तिरकामठ्याची पैज लागायची. आंब्याच्या फांदीला काथ्यानं नारळ टांगायचा आणि लांबून तीर मारायचा. बोईसरकडून तुम्ही दोघंतिघं आला होतात. त्या दिवशी वारा होता, नारळ हलत होता. तुझा पहिला तीर नारळाच्या आसपासही गेला नाही. माणसं हसली. आणि ते हसणं संपायच्या आत नारळ फुटून पाणी खाली गळायला लागलं. तुझा दुसरा तीर कधी चढला आणि कधी सुटला हे कुणाला दिसलंच नाही. 

मी पाणी द्यायला आले होते. मला राहवलं नाही.

"पयला कुटं गेला?" मी विचारलं.

"काय माहीत. मी बगितलाच नाय."

"बगितला नाय, तं चुकला ह्ये कसं कळलं?"

"लोक हसले ना," तू म्हणालास.

मी इतकी हसले की कळशीतलं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. बापानं लांबून ते बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. मी हसले ह्याचंच त्याला नवल वाटलं असणार. माझा पहिला नवरा लग्नाच्या पहिल्याच वर्षी तापानं गेला होता. त्याच्या माणसांनी मला माहेरी आणून सोडलं होतं, आणि पाणवठ्यावर बाया माझ्याकडे बघून आपली लहान पोरं जवळ ओढून घ्यायच्या.

मग तू आमच्या पाड्यावर बांबू बघायला यायला लागलास. जणू बोईसरच्या डोंगरात बांबू उगवतच नव्हता! एकदा मी तुला स्पष्ट सांगितलं, "तुला माहीत हाय ना, माझा पयला नवरा मेला?"

"माहीत हाय," तू म्हणालास. "वायीट झालं. कसा होता तो?"

जान्या, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. तो कशानं गेला हे सगळ्यांनी विचारलं, कुणाचं काय केलं होतं म्हणून गेला हेही विचारलं. कसा होता, हे नाही. मी सांगत बसले. तो गाणं किती बेसूर म्हणायचा, त्याला खेकडे धरायची किती हौस होती. तू बांबू विसरून ऐकत बसलास आणि शेवटी म्हणालास, "चांगला माणूस होता." तेव्हाच मी मनात तुझ्या घरी आले. पाट लागला तो नंतर.

तुझ्या घरी तुझी आय होती. माझ्याशी ती पहिलं वर्षभर भांड्यांच्या आवाजानं बोलली. घर डोंगराच्या पायथ्याला, शेत घराला लागून, आणि शेताला लागून रान. त्याच सुमाराला तारापूरच्या किनाऱ्याला वीज करायचं मोठं काम निघालं. आपल्याकडची माणसं खणायला, दगड वाहायला जायला लागली. तूही लागलास. आठवडाभर तिकडे छपरात राहायचास, आठवड्यानं घरी यायचास आणि तिकडची हिंदी आमच्यावर झाडायचास. "जल्दी करो, बाई, जल्दी करो," असं तू आयला म्हणालास तेव्हा तिनं तुला लाटण्यानं मारलं होतं, आठवतंय?

पण तू घरी नसलास की डुकरं यायची. एका उतरत्या दुपारी उभ्या पिकात शिरली आणि निम्मा तुकडा लोळवून गेली. रेशनवर तेव्हा लाल मिलो, ती परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी घशाखाली उतरता उतरत नसे. भात गेलं असतं तर वर्षभर तोच. त्या आठवड्यात तू आलास, लोळलेलं पीक बघितलंस, आणि जेवायच्या आधी भिंतीवरचा कामठा काढून माझ्या हातात दिलास.

"बायकांच्या हातात?" आय म्हणाली.

"डुकरं इचारत नायत कुणाच्या हातात हाय," तू म्हणालास.

ओढायला मी पंधरवड्यात शिकले. आश्रमशाळेत विहिरीचं पाणी ओढून हात तयारच होते. नेमही बरा लागायला लागला. मला वाटलं, झालं शिकून. तू म्हणालास, "आता खरं चालू. एक तीर कुणालापन मारता येतो."

तुझं सगळं शिकवणं दुसऱ्या तिराचं होतं. पहिला सुटला की माझा उजवा हात ऐटीत मागे जाऊन थांबायचा, डावा हात खाली यायचा आणि मी मान उंच करून बघायची, लागला का, कुठे लागला. तू माझ्या मागे उभा राहून ओरडायचास, "कामठा खाली का आनलास? आता परत वर चढवनार, मंग तीर शोदनार, मंग खाच शोदनार. तोवर डुक्कर बोईसरच्या टेसनावर पोचला!" डावा हात जिथं आहे तिथंच राहायला हवा. उजव्या हातानं सुटल्या जागेवरून दुसऱ्या तिराकडे सरळ जायचं, वाटेत कुठे थांबायचं नाही. तिराच्या शेपटाला दोरी बसायची जी खाच असते ती बोटांनी ओळखायची, डोळ्यांनी नाही. आणि डोळे जनावरावरच. तीर गेला तो गेला, त्याच्यामागे नजर पाठवायची नाही.

इथंच आपलं वाजलं. मी म्हणायची, पहिला कुठे गेला हे बघितल्याशिवाय दुसरा कुठे मारायचा हे कळणार कसं? वर गेला असेल तर खाली धरायला नको? तू म्हणायचास, बघण्यात जो वेळ जातो त्यात जनावर जागा बदलतं. मग तू बघितलंस ते जुनं झालं. मी म्हणायची, डोळा तेवढा आळशी नसतो, एका वेळी दोन्ही बघतो. तू म्हणायचास, तुझे डोळे शाळेत शिकलेत, माझे नाहीत. जेवताना वाद, पाणी भरताना वाद. आय एकदा वैतागून म्हणाली, "एकदा मरा तरी नायतर गप तरी बसा."

दुसरी कटकट तीर धरायची. तू जादा तीर डाव्या मुठीत कामठ्याबरोबरच धरायचास. माझी मूठ लहान. तीर निसटायचे, नाहीतर कामठा हलायचा. मी एक कमरेला काष्ट्यात खोचून बघितला. तू कपाळावर हात मारलास. "कमरेपातूर हात गेला का जीव गेला." मग मी आपल्या मनानं एक केलं. दुसरा तीर उजव्या हाताच्याच शेवटच्या दोन बोटांत आडवा धरला आणि पुढच्या बोटांनी पहिला ओढला. पहिला सुटला की दुसरा हातातच! नुसता मनगटाला वळसा द्यायचा की तो दोरीवर. खाच चटकन कळावी म्हणून प्रत्येक तिराच्या शेपटाला मी दोऱ्याची एक गाठ मारली. अंगठ्याला गाठ लागली की खाच सरळ बसली समजायचं.

तू हसलास. म्हणालास, तिराला काय मंगळसूत्र घालतेस का? आणि पुढच्या वेळी तारापूरहून आलास तेव्हा तुझ्या सगळ्या तिरांना गाठी होत्या.   दोन दिवस आपण दोघंही त्या गाठींकडे न बघता वावरत होतो.

सरावाला हलणारी वस्तू हवी म्हणून तू आयला उतारावरून भोपळा सोडायला लावलास. भोपळा खाली पोचायच्या आत दोन तीर. पहिल्या भोपळ्याला एकही लागला नाही, दुसऱ्याला एक लागला, आणि तिसरा आयनं पोटाशी धरला तो सोडेचना. "भोपळा खायाचा असतो रे, मेल्यांनो!" मग पेंढ्याचे गोळे बांधून दिलेस. ते मात्र आय न कुरकुरता सोडायची. एक दिवस दोन्ही तीर एकाच गोळ्यात बसले तेव्हा उताराच्या टोकावरून तिचा आवाज आला, "लागले गं, दोनीपन लागले!" ती माझ्याशी पहिल्यांदा भांड्यांशिवाय बोलली ती अशी.

आता त्या दिवसाचं. तुझ्या तोंडून तो सगळ्यांनी ऐकलाय. तू तो सांगताना डुक्कर दर वर्षी थोडं वाढायचं. मी माझ्या बाजूनं कधी सांगितला नाही.

कापणी चालली होती, पाड्यावरची माणसं मदतीला आली होती. तू सुट्टी घेऊन आला होतास. चार बाजूंनी कापत कापत मध्ये एक तुकडा उरला होता, खालच्या पाणथळ अंगाला. कुत्रं त्या तुकड्याकडे बघून भुंकायला लागलं आणि पुढे जाईना. तू विळा थांबवलास. "आत कोनतरी हाय," म्हणालास. ऊन होतं, दुपार कलत होती. तू मला कामठा घेऊन बांधावर उभं केलंस आणि ठरवलंस की बाकी सगळ्यांनी खालून ओरडायचं, म्हणजे ते वर रानात पळून जाईल. मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं. मी नुसती उभी होते.

डुक्कर वर गेलंच नाही. आडवं फुटलं. आडव्या बाजूला आय पेंढ्या बांधत वाकली होती. तिची पाठ होती. तू "आय!" म्हणून ओरडलास आणि मधे धावलास, हातात विळा घेऊन. विळा घेऊन, जान्या! मी पहिला सोडला. तो गेला. डुकरानं तुला मांडीला फाडून खाली पाडलं, पुढे गेलं, आणि वळलं.

तू पडलेला होतास आणि ते तुझ्यावर आलं होतं. मला तुझं डोकं आणि त्याचं डोकं एकत्र दिसत होतं. माझा दुसरा तीर दोरीवर होता. तो कधी चढला मला माहीत नाही. अंगठ्याला गाठ लागली एवढं आठवतं. पूर्ण ओढलेला होता. आणि मी सोडला नाही.

बघणाऱ्यांना वाटलं, ही घाबरून थिजली. तुझ्या रावजीकाकानं नंतर तसं बोलूनही दाखवलं. मी थिजले नव्हते. माझ्याकडे वेळ होता. हे कसं सांगू? हात शोधत नव्हते, डोळे कुठे भटकत नव्हते, तीर तयार होता, म्हणून माझ्याकडे एक श्वासभर वेळ उरला होता. त्या श्वासात मी थांबले. त्यानं मुसंडी मारायला डोकं वर घेतलं, पुढचा पाय पुढे गेला, पायामागची जागा उघडी पडली आणि तुझं डोकं खाली राहिलं. तेव्हा सोडला.

ते थोडं धावलं आणि पेंढ्यांत जाऊन पडलं. आयच्या ओरडण्यानं मला ऐकू यायला लागलं. तोवर काहीच ऐकू येत नव्हतं.

मांडी भयंकर होती. माझ्या लुगड्याचा पदर फाडून बांधला. बैलगाडी जुंपली आणि पालघरच्या दवाखान्याला निघालो. तुझा चेहरा राखेसारखा झाला होता, डोळे मिटायला लागले होते. आय पायाशी बसून तुझा पाय धरून होती. कुणीतरी म्हणालं, त्याला झोपू देऊ नका. मी तुला हाका मारल्या, हलवलं, तू "हूं" करायचास आणि परत बुडायचास. मला काय बोलावं सुचेना. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "पयला मी बगितला."

तुझे डोळे उघडले.

"काय?"

"पयला तीर. डुकराच्या पाठीवरनं गेला नी पलीकडच्या बांधात घुसला. मी बगितला. म्हनून दुसरा खाली धरला."

"खोटं," तू म्हणालास. आवाज नव्हता, नुसते ओठ. "बगितला असतास तं दुसरा एवढ्यात चढलाच नसता."

"चढला ना? बगूनपन चढला."

"हातानं चढवला. डोल्याचा काय संबंद."

"मंग खाली कुनी धरला?"

"हातानंच."

अशी मी पालघरपर्यंत तुझ्याशी भांडले, जान्या. गाडीवान मागे वळून बघायचा, त्याला वाटलं असेल ही बाई वेडी आहे, नवरा मरतोय आणि ही भांडतेय. वीटभट्टीपाशी तू गप्प झालास तेव्हा मी म्हणाले, "म्हंजे मी जितली." तू लगेच म्हणालास, "नाय."

त्या "नाय"नं तू वाचलास असं मी आजही धरून चालते. डॉक्टरांचे उपकार आहेतच.

दवाखान्यात तू बसायला लागलास तेव्हा मी तुला ते थांबण्याचं सांगितलं. दुसरा तीर झटकन तयार करायचा तो झटकन सोडायला नाही, थांबता यावं म्हणून. 

"ह्ये मी तुला शिकवलं नाय," म्हणालास.

"नाय."

"मंग आता मला शिकव."

तू असा होतास. पाड्यावर दुसरा कुठलाही पुरुष हे म्हणाला नसता, निदान आयसमोर नसता म्हणाला.

पाय अधू राहिला. तारापूरचं काम सुटलं. मला वाटलं होतं तू खचशील. तू चार दिवस खचलास, मग बांबू आणून ओसरीला बसलास आणि कामठे करायला लागलास. लहान मुठीचे, बायकांच्या हाताला बसतील असे. रावजीकाका येऊन म्हणाला, बायकांच्या हातात कामठे दिलेस तर पाड्यावर पाऊस पडायचा नाही. तू तासता तासता म्हणालास, "काका, गेल्या वरसाला तुज्या हातात होता. पडला का?" त्याच काकाची सून आपल्याकडे शिकायला आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं तीर काकाच्या पडवीत घातला. काका घरात होता. ते दिवस मी जन्मभर हसत आठवीन.

तू त्यांना तुझं शिकवायचास, डोळे जनावरावर. तू पाणी प्यायला आत गेलास की मी माझं शिकवायची, पहिला कुठे गेला ते बघा. बायांना कळेना कुणाचं ऐकावं. पण हात सगळ्यांचे बसले. उताराच्या खाली त्या ओळीनं उभ्या राहायच्या, वरून आय पेंढ्याचे गोळे सोडायची आणि तू काठी टेकत एकीच्या मागून दुसरीच्या मागे जायचास. "कामठा खाली आनू नको. हां. आता थांब. थांब. सोड." ते "थांब" ऐकलं की मला आत काहीतरी व्हायचं. ते माझं होतं, आणि तू ते सगळ्यांना वाटत होतास.

या पावसाळ्यात तुला कावीळ झाली तेव्हा सगळं केलं. किनाऱ्यावरच्या मुरबे गावची एक मासेवाली यायची ना, तिनं सांगितलेला पालाही दिला, पालघरलाही नेलं. तू पिवळा पडत गेलास आणि बोलणं कमी होत गेलं. एका सकाळी तू डोळे मिटून पडला होतास आणि मला ती बैलगाडी आठवली. मी तुझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पयला मी बगितला होता."

तू डोळे उघडलेस. माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. आणि म्हणालास, "बगितला असशील."

मी उठून बाहेर गेले. मला कळलं.

मला तुझा होकार नको होता, जान्या. मला "नाय" हवं होतं. पण मागाहून मी त्या दोन शब्दांचा पुष्कळ विचार केलाय आणि आता ते मला वेगळे ऐकू येतात. तू थकून हरला नाहीस. थकलेला माणूस इतका वेळ बघत नाही. तू मला काहीतरी देऊन गेलास, तुझ्याकडे जे शेवटचं देण्यासारखं उरलं होतं ते. आणि तुला सांगायचं राहिलं ते एवढंच आहे की मला खरंच माहीत नाही. गाडीत मी ते बोलले ते तू जागा राहावास म्हणून. पुढे इतक्या वेळा बोलले की मला तो तीर बांधात घुसताना दिसायला लागला. आजही दिसतो, पिसांसकट. तो त्या दिवशीचा आहे की आपल्या भांडणांतून उगवलेला, हे मला सांगता येणार नाही. तू असतास तर म्हणाला असतास, म्हणजे मीच जिंकलो. म्हण. मी काही तुला सोडणार नाही.

परवा माझा बाप आला. तुझे दिवस होऊन गेल्यावर येईन म्हणाला होता, तसा आला, गाडी घेऊन. तो ओसरीला बसला. पाड्यावरची चार माणसं जमली. बाप खाली बघत म्हणाला, "पोरीला घेऊन जातो. मूल नाय, बाळ नाय. इथं कुनासाठी ऱ्हावं तिनं?"

मी आत चुलीपाशी होते. माझ्या मनात दोन्ही होतं. बाप म्हातारा झालाय. त्याच्याबरोबर जावं असंही वाटत होतं. आणि बाहेर कुणा बाईचा आवाज आला, हलकाच, पण मला ऐकू जावा एवढा. "न्या बाबा. पयला गेला, आता दुसरापन गेला. पायगुन असतो एकेकीचा."

पाणवठ्यावरच्या त्या बाया, पोरांना ओढून घेणाऱ्या, एका क्षणात माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.  मी बाहेर जाऊन काही बोलणार, तेवढ्यात आय उठली. तू गेल्यापासून ती कुणाशी धड बोलली नव्हती. ती त्या बाईच्या समोर जाऊन उभी राहिली.

"माझा पोऱ्या त्या डुकराच्या दिवशीच गेला असता," आय म्हणाली. "माझ्यासाठी मधे पडला होता तो. मी वाकलेली व्हते, मला कायबी दिसलं नवतं. त्याच्या फुडचं जेवडं मी त्याला बगितला ना, जेवडा त्यो माझ्या हातचं जेवला, त्ये सगलं हिनं दिलेलं हाय. पायगुन बोलायचा तं ह्यो बोला."

 मग ती माझ्या बापाकडे वळली आणि आवाज उतरवून म्हणाली, "याही, तुमची पोरगी हाय. तिला यायचं असंल तं मी आडवनार नाय. पन तिला इचारा. माझ्याकडं बगून नका इचारू."

बापानं मला विचारलं. मी म्हणाले, "बापूस, मी इथंच ऱ्हाते. तू दोन दिस थांब. मंग जा." त्यानं गाडीचे बैल सोडले.

काकाची सून संध्याकाळी आली. म्हणाली, बाया विचारतायत, शिकवणं परत कधी चालू करायचं? मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात. कुणाची पद्धत शिकवणार, असं तिनं विचारलं नाही. शहाणी आहे.

हे मी सकाळी लिहितेय. आय शेतात पुढे गेलीय. भात निघालं की त्याच जमिनीत वाल टाकायचा असतो, तिच्या अंगातली ओल सुकायच्या आत, आणि आपल्याला या वर्षी उशीरच झालाय. बापसुद्धा सदरा काढून नांगराला उभा आहे, दोन दिवस म्हणून राहिलेला माणूस. आय तिकडून हाका मारतेय. आधी "रखमे" म्हणत होती, आता "पोरी" म्हणतेय. मघाशी तिनं एक ढेकूळ फोडून माझ्या हातावर ठेवलं होतं. आतून ते काळं होतं, थंड होतं, अजून ओलं होतं.

येते म्हणून सांगितलंय. जाते.

तुझी,
रखमी